चौदा ट्यून पाठ आहेत, तरी जाममधे हात गोठतो

पत्र:

"ताई, नमस्कार. मी नॉर्थ कॅरोलायनात केरीला राहतो (गोव्यातलं केरी नाही), वय ४३, काम आयटीत. दीड वर्षापूर्वी बँजो घेतला, ब्लूग्रासवाला (ब्लूग्रास म्हणजे इथलं बँजो-गिटार-फिडलचं लोकसंगीत), पाच तारांचा. आठवड्यातून अर्धा तास एका सत्तरीतल्या सरांकडे जातो, ते टॅब देतात (कुठल्या तारेवर कुठला पडदा ते आकड्यांत लिहिलेला कागद), मी पाठ करतो, पुढच्या आठवड्यात वाजवून दाखवतो, ते पुढचा टॅब देतात. अशा १४ ट्यून झाल्यात, घरी मस्त वाजतात. गेल्या महिन्यात पहिल्यांदा जामला (सगळे गोल बसून एकत्र वाजवतात तिथे) गेलो आणि पार वाट लागली. १४ पैकी एकच ट्यून निघाली, ती पण माझ्या दुप्पट स्पीडने. बाकी सगळी गाणीच, मी कधी न ऐकलेली. मग एका बाईंनी बी पट्टीत गाणं काढलं, मी कॅपो (पट्टी चढवायचा चिमटा) लावला आणि पाचवी तार पिळत बसलो तर ती तुटली, थेट गालावर. नंतर गाडीत येऊन बसलो. सगळे गोरे, सगळे एकमेकांच्या ओळखीचे, वाटलं मी इथे काय करतोय. सर बदलू का? वय झालंय का? सोडून देऊ? तिकडे डोंबिवलीहून आई विचारते, बेंजो शिकतोयस तर गणपतीच्या मिरवणुकीत वाजवणार का, तिला समजावून थकलो. आणि गंमत म्हणजे ऑफिसातला मित्र म्हणतो माझ्या दहा वर्षांच्या मुलीला तू शिकव. मी?? ता.क. मागच्या महिन्यात सगळ्या तारा बदलल्या, तेव्हापासून वरच्या पडद्यांवर बेसूर वाटतं, कितीही ट्यून करा."

उत्तर:

अरे बाबा, आधी गाल बरा आहे ना? ताई म्हणालास म्हणून मी सरळ अरे-तुरे करते हं.

पत्र दोनदा वाचलं आणि मला दोन्ही वेळा हसू आलं, तुझ्यावर नाही, माझ्या स्वतःच्या पहिल्या जामवर, ते सांगतेच पुढे. तुझ्याकडे १४ पाठ केलेली भाषणं आहेत आणि तू गेलास कट्ट्यावर. कट्ट्यावर कोणी भाषण मागत नाही, तिथे दुसरा बोलत असताना नुसतं "हो ना", "मग काय" म्हणता यायला लागतं, आणि ते तुला कोणी शिकवलंच नाहीये. तू बँजो शिकलास, ब्लूग्रास अजून सुरू व्हायचंय.

जरा हिशोब कर. दहा जण गोल करून बसलेत, कोणीतरी गाणं काढलं, कडवं, कोरस, मग एकाचा ब्रेक, म्हणजे सोलो, परत कडवं, मग दुसऱ्याचा ब्रेक. चार मिनिटांच्या गाण्यात तुझ्या वाट्याला सोलो येणार वीस-पंचवीस सेकंदांचा, आणि तोही तू मान हलवून "नको" म्हणालास तर पुढच्याकडे जातो, कोणी रागावत नाही. उरलेली साडेतीन मिनिटं तू काय करणार? तुझे दीड वर्षातले सगळे धडे त्या वीस सेकंदांचे आहेत. साडेतीन मिनिटांचा एकही नाही.

त्या साडेतीन मिनिटांना म्हणतात बॅकअप, आणि त्यातलं सगळ्यात साधं म्हणजे व्हॅम्प. ते आज रात्रीच सुरू कर, टॅब वगैरे लागत नाही. जी कॉर्डसाठी चौथ्या तारेवर नववा पडदा, तिसरीवर सातवा, दुसरीवर आठवा, पहिलीवर नववा. हे जमलं की सी साठी तोच क्रम दहावा, नववा, आठवा, दहावा. बघ, दुसऱ्या तारेवरचा आठवा पडदा दोन्हीकडे तोच आहे, फक्त बोट बदलतं, आधी मधलं होतं आता तर्जनी. आणि डी साठी हाच सी चा हात जसाच्या तसा दोन पडदे वर सरकव. झालं, तीन कॉर्ड. उजव्या हाताने रोल (बोटांनी एकामागून एक तारा छेडत राहणं) नको, नुसता पिंच, म्हणजे अंगठा आणि दोन बोटांनी तारा एकदम चिमटीत, आणि तो पहिल्या ठोक्यावर नाही हं, दुसऱ्या आणि चौथ्यावर. पिंच वाजला रे वाजला की डाव्या हाताची पकड सैल सोडायची, बोटं तारांवरच ठेवून, म्हणजे आवाज "टक्" होऊन मरतो. घुमू द्यायचा नाही. पहिल्या-तिसऱ्याला बास आणि गिटारचा जाड सूर असतो, मधल्या फटीत तू. मेंडोलिनवाला तेच करत असेल तर तू अजून हळू आवाजात वाजव, नाहीतर थोडा वेळ गप्प बस. गप्प बसणं पण वाजवण्यातच धरतात.

आता माझी कथा. माझा पहिला जाम, मी घरून रोल घोटून गेलेली, तर्जनी-मधलं-अंगठा, तर्जनी-मधलं-अंगठा, तर्जनी-मधलं, आठ नोट्सचे तीन-तीन-दोन असे तुकडे, मला वाटायचं हे थांबलं की संगीत थांबेल. एक आजोबा हळू आवाजात गात होते आणि मी शेजारी बोटांत धातूच्या पिक्स (नख्या) घालून धडाधड, अख्खं गाणंभर. समोर एक आजी फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवत होत्या, त्यांनी वाजवता वाजवताच गज उचलला, गजाच्या टोकाने माझ्या बँजोकडे दाखवलं, मग आजोबांच्या तोंडाकडे दाखवलं, आणि परत गज तारेवर ठेवून पुढे वाजवायला लागल्या, एक ठोका चुकला नाही. मी इतकी ओशाळले की पुढची तीन गाणी हात मांडीवर. पण खरं सांगू, ते शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले, आणि शब्द ऐकले तेव्हाच कॉर्ड कुठे बदलते ते कळायला लागलं.

ते कळणं हीच दुसरी गोष्ट. तू डोंबिवलीचा, कधीतरी हार्मोनियमसमोर बसलाच असशील. इथे लोक १, ४, ५ म्हणतात ते आपले सा, म, प. जी मधे सा म्हणजे जी, म म्हणजे सी, प म्हणजे डी. कोणी म्हणालं "ए मधे, १-४-५" की गाणं माहीत असायची गरज नाही, फक्त कान लावायचा की आता घरी आहोत, की घराबाहेर पडलो, की घरी परत यायच्या उंबऱ्यावर आहोत. उंबऱ्यावर असल्यासारखं वाटलं की बहुतेक वेळा ५. आणि कान कमी पडला तर डोळे आहेत, गिटारवाल्याच्या समोर बस आणि त्याचा डावा हात बघत रहा. गिटारवर जी, सी, डी चे आकार कसे दिसतात ते घरी आरशात बघून ओळखायला शिक, गिटार वाजवता आली नाही तरी चालेल. ही फसवणूक नाही, सगळे हेच करतात.

सर बदलू का म्हणतोस. नको. टॅब देणारे सर वाईट असतात असं नाही, बऱ्याचदा विद्यार्थीच टॅब मागतात कारण दर आठवड्याला हातात काहीतरी नवीन मिळाल्यासारखं वाटतं, मग सरांनाही ती सवय लागते. मर्फी हेन्री म्हणून व्हर्जिनियातल्या बँजो शिकवणाऱ्या एक बाई आहेत, त्यांची अख्खी पद्धतच टॅबशिवाय आहे, नुसतं ऐकून. मी तितकी कट्टर नाही, मला टॅब चालतो, पण चष्म्यासारखा, कायम डोळ्यांवर ठेवून झोपायचं नाही. पुढच्या धड्याला सरांना एवढंच सांग की आज बँजो तुम्ही खाली ठेवा, गिटार घ्या आणि तुम्हाला येतं ते कुठलंही तीन कॉर्डचं गाणं म्हणा, मी मागे व्हॅम्प करतो. सत्तरीतले आहेत म्हणतोस, त्यांना दोन-पाचशे गाणी नक्की येत असणार आणि गेली कित्येक वर्षं कोणी त्यांना गायला सांगितलं नसणार. अर्धा तास कसा जातो बघ. नाही म्हणाले तर मग बदल.

आणि हो, फोनवर त्यांच्या गिटारचं रेकॉर्डिंग करून आण, परवानगी विचारून. याचं कारण सांगते. अर्ल स्क्रग्ज, ज्याच्या तीन बोटांच्या वाजवण्यावर हे सगळं उभं आहे, तो तुझ्याच राज्यातला, १९२४ साली फ्लिंट हिलला जन्मलेला, शेल्बीच्या जवळ. लहानपणी तो आणि त्याचा भाऊ हॉरेस एक खेळ खेळायचे. दोघांनी एकच ट्यून एकदम सुरू करायची, याच्या हातात बँजो त्याच्या हातात गिटार, आणि वाजवत वाजवत घराला उलट्या दिशांनी वळसा घालायचा, आणि पलीकडच्या बाजूला भेट झाली की बघायचं अजून एकाच ठेक्यावर आहोत की कोणी पुढे पळालंय. मला तर ते अंगण डोळ्यासमोर दिसतं. तुझ्याकडे भाऊ नाही आणि एचओए (आपल्या सोसायटीच्या कमिटीसारखी) पण असणार, म्हणून तू असं कर, सरांचं रेकॉर्डिंग लाव, सोबत वाजव, मधेच आवाज पूर्ण बंद कर, वाजवत रहा, दहा सेकंदांनी परत चालू कर. पहिल्या दिवशी तू दोन ठोके पुढे असशील. सगळे पुढेच असतात, मागे राहिलेला बँजोवाला मी अजून बघितलेला नाही.

स्पीडचं टेन्शन घेऊ नकोस. इथे बऱ्याच गावांत स्लो जाम असतात, मुद्दाम नवख्यांसाठी, तुझ्या भागात तर नक्कीच असणार, चौकशी कर. पीट वर्निक म्हणून एक बँजोवाले आहेत, डॉक्टर बँजो म्हणतात त्यांना, त्यांच्या पद्धतीचे जाम क्लास अमेरिकेत ठिकठिकाणी होतात आणि तिथे पहिल्यापासून सगळ्यांना एकत्र वाजवायलाच बसवतात, एकेकट्याला घोकायला लावत नाहीत. एक वीकेंड घालव त्यात, पैसे वसूल. आणि ऐकणं वाढव. अर्ल १९४५ च्या डिसेंबरमधे बिल मन्रोच्या (ब्लूग्रासचा जनक म्हणतात त्याला) ब्लू ग्रास बॉईज या बँडमधे गेला, तेव्हा तो २१ वर्षांचा होता, त्यांची १९४६-४७ ची रेकॉर्डिंग लाव आणि सोलो आला की चक्क दुर्लक्ष कर, कोणी गात असताना बँजो काय करतोय तेवढंच ऐक. पूर्वी लोक ३३ ची एलपी १६ च्या स्पीडवर लावून एकेक नोट टिपायचे, सूर एक सप्तक खाली जायचा. आपल्याकडे फोनवर स्पीड निम्मा केला तरी सूर तोच राहतो, आणि तरी आपण टॅब शोधत बसतो.

आता ती तार. बी साठी तू कॅपो चौथ्या पडद्यावर लावलास ते बरोबर, पण पाचवी तार आखूड, ती पाचव्या पडद्यापासूनच सुरू होते, तिच्यावर कॅपो लागत नाही, मग तू ती जी पासून बी पर्यंत पिळलीस, चार अर्धसूर. ती तुटणारच होती रे. ए पर्यंत चढवतात लोक, बी पर्यंत नाही. यासाठी पाचव्या तारेखाली सातव्या आणि नवव्या पडद्याजवळ बारीक खिळे मारून घ्यायचे, खेळण्यातल्या आगगाडीच्या रुळांचे असतात ना ते चिमुकले हुक, खरंच तेच वापरतात. तार त्याखाली सरकवली की सातव्यावर ए, नवव्यावर बी, मग बारीकसं ट्यूनिंग, पाच सेकंदांचं काम. पण हे घरी हातोडी घेऊन करू नकोस, प्लीज. वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडे जा. ब्लूग्रासमधे उंच पट्टीत गायची हौस आहे त्यामुळे बी पट्टी वारंवार येते, हे खिळे नसले की तू दर जामला तसाच पिळत बसशील.

ता.क. चं पण इथेच उरकते. सगळ्या तारा एकदम काढल्यास ना? बँजोची घोडी चिकटवलेली नसते, नुसती तारांच्या दाबावर कातड्यावर उभी असते (कातडं म्हणायचं, आता प्लॅस्टिकच असतं). तारा गेल्या, घोडी सरकली. पहिल्या तारेवर बाराव्या पडद्याच्या बरोब्बर वर बोट नुसतं टेकवून जो घंटेसारखा सूर येतो तो ऐक, मग तिथेच दाबून वाजव. दाबलेला सूर चढा आला तर घोडी मानेपासून लांब सरकव, उतरला तर जवळ घे, केसभरच हं, आणि तारा जरा सैल करून. मग चौथ्या तारेवर तेच. पुढच्या वेळी एकेक तार बदल.

"सगळे गोरे" या वाक्यापाशी मी थोडा वेळ थांबले. मलाही वाटलेलं ते, अजूनही कधीकधी एखाद्या नवीन गावात वाटतं, आणि तुझा अनुभव खोटा आहे असं मी म्हणणार नाही. पण तुझ्या मांडीवरचं ते वाद्य कुठून आलं ते तुला माहीत असू दे. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांनी इथे भोपळ्याला कातडं लावून जी वाद्यं केली त्यातून बँजो आलाय. सेनेगल-गांबियातल्या जोला लोकांचं अकोंटिंग बघ कधी, भोपळा, लांब दांडा, आणि एक आखूड तार अंगठ्याने वाजवायची. आपल्या तंबोऱ्याच्या भोपळ्याची आठवण आल्याशिवाय रहात नाही. आणि तुझ्यापासून तासाभराच्या आत मेबन म्हणून गाव आहे, तिथे जो थॉम्पसन नावाचे कृष्णवर्णीय फिडलवादक रहायचे, १९१८ चा जन्म, २०१२ साली गेले. रियानन गिडन्स ही गायिका-बँजोवादक आणि तिचे दोन सोबती, पुढे ज्यांचा कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स हा बँड झाला, ते विशी-तिशीतले असताना आठवड्यातून एकदा संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन बसायचे. टॅब नाही, फळा नाही, म्हातारा वाजवतोय आणि पोरं मागून धरतायत, आणि म्हातारा ऐंशीच्या पुढचा. ते संगीत ओल्ड-टाईम, ब्लूग्रासच्या आधीचं, पण शिकण्याची रीत तीच. आता तुझं ४३ वय झालंय का म्हणून विचारतोस त्याला मी वेगळं उत्तर देत नाही.

तुला एक करता येईल, जामला वेळेच्या पंधरा मिनिटं आधी जा, खुर्च्या लावायला हात लाव, नावं विचार. गेल्या वेळी तू सगळे बसल्यावर मागून शिरला असशील, पैज लावते.

आईंचं मात्र चुकलेलं नाही हं. आपल्याकडे बेंजो म्हटलं की बुलबुल तरंगच, टाइपरायटरसारखी बटणं असलेला, मुंबईच्या गल्लीगल्लीत बेंजो पार्टी असते. ते वाद्य मुळात जपानचं, तैशोगोतो, १९१२ च्या सुमाराला नागोयात निघालं, आपल्याकडे येऊन नाव बदललं आणि मिरवणुकीत शिरलं. तुझ्या बँजोशी त्याचं नातं फक्त नावाचं. आईंना समजावत बसू नकोस, त्यांना बेला फ्लेक हा बँजोवाला ऐकव, झाकीरभाई, राकेश चौरसियांची बासरी आणि एडगर मायरच्या बासबरोबर त्याने २०२३ ला केलेला अल्बम, अ‍ॅज वी स्पीक, २०२४ ला त्याला दोन ग्रॅमी मिळाल्या. ब्लूग्रास नाहीये ते, पण तुझं वाद्य तबल्याशेजारी बसलेलं दिसलं की आईंचा निम्मा प्रश्न मिटेल. उरलेला निम्मा म्हणजे तू मिरवणुकीत वाजवणार का. वाजव की, काय हरकत आहे, आवाजाला तर कमी नाहीये.

मित्राच्या मुलीला शिकव. नक्की शिकव, पैसे घेऊ नकोस आणि टॅब दाखवू नकोस. तारा मोकळ्या सोडल्या की जी कॉर्ड आपोआप वाजते, एकही बोट लागत नाही, हे लहान मुलांसाठी या वाद्याचं सगळ्यात मोठं सुख. डी सेव्हनला दोनच बोटं, तिसऱ्या तारेवर दुसरा पडदा, दुसऱ्या तारेवर पहिला. या दोन कॉर्डवर मी माझ्या भाचीला पहिल्याच दिवशी "ये रे ये रे पावसा" म्हणायला लावलं होतं, पिक्स नाही, रोल नाही, अंगठ्याने नुसतं वरून खाली. तिसऱ्या वेळेला ती स्वतःच म्हणाली, मावशी इथे बदलायचं ना? बोट बरोबर त्याच शब्दावर गेलं. तू त्या पोरीला हे शिकवशील तेव्हा तुला पण शिकायलाच लागेल, कारण गाणं तुलाच म्हणायला लागणार आहे आणि कॉर्ड बदलायला तिला खुणावायला लागणार आहे, म्हणजे झालाच की दोघांचा जाम.

पुढचे दोन महिने असं कर. रोज वीस मिनिटं व्हॅम्प, गाण्यांबरोबर, आणि १४ ट्यून दिवसाआड. जामला दर वेळी जा, आणि दोन महिने एकही ब्रेक घेऊ नकोस, तुझ्याकडे मान वळली की हसून पुढच्याकडे बोट दाखव. तिसऱ्या महिन्यात क्रिपल क्रीक ही नेहमीची ट्यून तूच काढ, तुझ्या स्पीडने, कारण जो काढतो तो स्पीड ठरवतो, हे तुला कोणी सांगितलं नसेल. आणि केसमधे दहाच्या (म्हणजे ०.०१० इंच) जाडीच्या दोन जादा तारा टाकून ठेव, बऱ्याच लाईट सेटमधे पहिली आणि पाचवी एकाच जाडीची असते. बँजोच्या तारेला टोकाशी फासा असतो, बाजारात नाही मिळाली तर गिटारची सुटी तार घे आणि तिच्या टोकाचा गोल मणी पकडीने दाबून फोडून काढ, फासा उरतो. फोडताना चष्मा घाल. गाल झालाय, डोळा नको.